सातवी वस्तू

रविवारी दुपारी एकच्या सुमारास मीना आणि तिची चांगुणाआत्या रबाळ्याच्या फाट्यावर एस.टी.तून उतरल्या. काम तसं साधं होतं. मीनाच्या वडिलांचा, पोपट यांचा, मॅटाडोर टेम्पो फायनान्सवाल्यांनी शुक्रवारी ओढून नेला होता. दोन हप्ते थकले होते, त्यामुळे टेम्पो लगेच सुटणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण टेम्पोत मीनाचं दहावीचं हॉल तिकीट राहिलं होतं, आणि सोमवारी सकाळी अकराला मराठीचा पहिला पेपर होता.

झालं होतं असं. शुक्रवारी मीना तापानं अंथरुणात होती, म्हणून तिचे बाबाच नेरूळच्या शाळेत गेले. हॉल तिकीट घेतलं, पाकिटात घातलं आणि टेम्पोच्या समोरच्या काचेवर उन्हासाठी जी झडप असते, तिच्यात खोचून ठेवलं. मग कांद्याची पोती उतरवून तुर्भे नाक्यावर चहा प्यायला उतरले. चहाचा ग्लास संपायच्या आत टेम्पो गेलेला होता. शनिवारी पहाटेच ते पैशांची काही सोय होते का बघायला गावी निघून गेले. आईला कारखान्यात रविवारीही जादा पाळी होती. शनिवारी मीनाचा ताप उतरला नव्हता, आणि आता शाळेला रविवारचं कुलूप. राहिली मीना, आणि तिच्याबरोबर आत्या.

मीना फार कमी बोलायची. तिला सगळं दिसायचं, सगळं कळायचं, पण नाही म्हणायची वेळ आली की शब्द घशातच अडकायचा. मग ती नुसती मान हलवायची, आणि समोरचा माणूस त्याला होकार समजायचा.

"बोलायला काय भाडं पडतं का गं तुला?" आत्या वाटेत म्हणाली. "तिथं गेल्यावर तोंड उघड. आमचं कागद द्या म्हणायचं. भीक नाय मागत आपन."

मीनानं मान हलवली.

रविवार असल्यामुळे इथले बहुतेक कारखाने बंद होते. एरवी भोंगे, ट्रक आणि माणसांनी गजबजलेला तो रस्ता उन्हात नुसता पसरला होता. हवेत औषधाच्या बाटलीसारखा उग्र वास होता, आणि त्याखाली खाडीच्या चिखलाचा. रस्ता जिथं संपत होता तिथं पत्र्याचं उंच कुंपण होतं. पलीकडे खाडीकाठच्या तिवरांची झाडी. फाटकाशी स्टुलावर एक म्हातारा रखवालदार बसला होता. शिवराम त्याचं नाव, जवळच्याच गावातला.

"कोन पायजे?"

"मानूस नको, सामान पायजे," आत्या म्हणाली. "माझ्या भावाचा टेम्पो हाय तुमच्याकडं. पोरीचं परीक्षेचं कागद राह्यलंय त्यात. उद्या पेपर हाय तिचा."

"आत एकीलाच जाता येल. मागच्या हप्त्यात एकानं बॅटरीच काढून नेली."

"आता मी काय बॅटरी पदरात बांधून नेनार? वय बघा माझं."

शिवराम हसला, पण फाटक त्यानं एकीपुरतंच उघडलं. "कुठली गाडी?" त्यानं विचारलं. मीनानं हळूच नंबर सांगितला. तो ऐकल्यावर त्याचं हसू गेलं. त्यानं तिच्याकडे नीट निरखून बघितलं, आणि बाजूला झाला.

आत ओळीनं गाड्या उभ्या होत्या. टॅक्सी, रिक्षा, ट्रक, दोन फियाट. प्रत्येकीच्या काचेवर खडूनं आकडा घातलेला. एका टॅक्सीत वाळून काळा पडलेला झेंडूचा हार होता. एका रिक्षात मागच्या सीटवर लहान बाळाचा एकच मोजा पडला होता. मीनाला वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आहोत. एका घरात नव्हे, पन्नास घरांत. तिच्या चपलांचा आवाज कुंपणाच्या पत्र्यावर आपटून मागून येत होता, जरा उशिरानं.

कोपऱ्यात पत्र्याची खोली होती. तिथला कारकून तिला बघून उभाच राहिला. तरुण होता, पण दोन रात्री झोपला नसावा असे डोळे.

"पोपट यांचा टेम्पो? सामान न्यायला आलीस? ये, ये, बस." एवढं अगत्य मीनाला अपेक्षित नव्हतं. त्यानं घाईघाईनं एक कागद काढला. "ज्या मुलांनी गाडी ओढली, ती जागच्या जागी यादी करतात. नंतर भांडण नको. यादीतलं सगळं न्यायचं आणि खाली सही करायची, सर्व वस्तू मिळाल्या म्हणून. आधी सही, मग चावी."

मीनानं यादी वाचली. कार्बनचं निळं अक्षर, घाईत लिहिलेलं.

एक, स्टीलचा डबा. दोन, काळी छत्री. तीन, टॉवेल. चार, फोटो, फ्रेमसह. पाच, चपला, एक जोड. सहा, पाकीट, आत कागद.

सात, मुलगी, एक. झोपलेली.

मीनानं ती ओळ परत वाचली. मग तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि कारकुनाकडे पाहिलं.

"तुझी बहीण असेल," तो म्हणाला. तो खिडकीबाहेर बघत होता.

"मला... बहीण नाही."

"मग तूच असशील."

"मी घरी होते. ताप होता मला."

बाहेर पत्रा उन्हानं कडकड वाजत होता.

"मागं रिकाम्या पोत्यांवर झोपली होती म्हणे," तो शेवटी हळू आवाजात म्हणाला. "पोरांना वाटलं, ड्रायव्हरची मुलगी असेल, पुढं जाऊन उतरवू. फाळक्याची कडी बाहेरून लावलेली. इथं आणून कडी काढली तर आत कुणीच..." तो थांबला. "उतरली असेल कुठंतरी. मला काय माहीत."

"मग हे खोडा ना," मीना म्हणाली. एवढं लांब वाक्य ती परक्या माणसाशी क्वचितच बोलली असेल.

"मला खोडता येत नाही. साहेब खोडतील. साहेब मंगळवारी येतात." त्यानं पेन तिच्यापुढे सरकवलं. "सहाच वस्तू देता येत नाहीत गं. दिल्या तर सगळ्या, नाहीतर काहीच नाही. नुसता कागद तर आहे. तुझा उद्या पेपर आहे ना?"

मीनाच्या मनात आलं, आत्याला हाक मारावी. आत्यानं या माणसाला उभा आडवा घेतला असता. पण फाटक लांब होतं, आणि ओरडून हाक मारायची म्हणजे... तिला ते जमेना. आणि नुसता कागद तर होता. तिनं पेन घेतलं आणि आपल्या नीटस अक्षरात सही केली.

कारकुनानं सोडलेला श्वास तिला ऐकू आला. त्यानं चावी आणि यादीची एक प्रत टेबलावर ठेवली. तिच्याबरोबर तो आला नाही.

टेम्पो अगदी शेवटी, तिवरांच्या बाजूला उभा होता. बाबांनी रंगवून घेतलेल्या निळ्या पट्ट्या पाहून मीनाला रडूच आलं. तिनं दार उघडलं. आत भट्टीसारखं तापलं असेल असं तिला वाटलं होतं, पण आत गार होतं. माठ ठेवलेल्या कोपऱ्यात असतो तसा ओलसर गारवा. कांद्याच्या वासात आणखी एक वास मिसळला होता, झोपून उठलेल्या लहान मुलाच्या केसांना येतो तसा.

तिनं भराभर वस्तू गोळा केल्या. डबा, छत्री, टॉवेल. समोरचा फोटो तिनं टॉवेलात गुंडाळला. चपला सीटखाली सापडल्या. मग तिनं वरची झडप खाली ओढली.

झडपेत काही नव्हतं.

तिनं सीटखाली पाहिलं, दाराच्या खणात पाहिलं, परत झडप चाचपली. एक वर्ष वाया जाणार होतं. बाबांनी बोलून दाखवलेलं नर्सिंगचं स्वप्न, आईच्या जादा पाळ्या, सगळं त्या पाकिटात होतं.

तेव्हा तिला श्वास ऐकू आला. संथ, लांब, झोपेतला. सीटच्या मागं ड्रायव्हरला सामान दिसावं म्हणून हातभर खिडकी होती, तिला लोखंडी जाळी. श्वास त्या जाळीमागून येत होता.

मीना वळली नाही. समोरच्या आरशात बघितलं तर दिसलं असतं, म्हणून तिनं आरशाकडेही बघितलं नाही. ती मांडीवरच्या डब्याकडे बघत राहिली.

श्वास थांबला. कुणीतरी कूस बदलावी तशी मागची रिकामी पोती सळसळली. मग जाळीवर काहीतरी घासलं, आणि तिच्या खांद्याशेजारून एक पाकीट पुढे सरकलं. जाळीच्या फटीतून अर्धं बाहेर आलं आणि तसंच राहिलं. पलीकडून कुणी धरून ठेवावं, तसं.

मीनानं पाकिटाचं टोक धरलं. ते सुटेना.

"येऊ?" मागून कुणीतरी विचारलं. अगदी हळू. एखादी लाजरी मुलगी विचारेल तसं.

मीनाला नाही म्हणायचं होतं. जिवाच्या आकांतानं नाही म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण घशातून काही बाहेर पडेना... आणि तिची मान हलली.

पाकीट सुटलं.

ती कशी उतरली, कशी चालत आली, तिला आठवत नव्हतं. फाटकाशी आत्याचा आणि शिवरामचा गप्पांचा फड जमला होता. आत्यानं त्याच्याकडून मशेरीसुद्धा मिळवली होती.

"मिळालं?" आत्यानं विचारलं. "तोंड का असं पांढरं पडलंय? काय म्हनला का तो मेला?"

शिवरामनं यादीची प्रत घेतली. त्याला वाचता येत नव्हतं, पण आकडे मोजता येत होते. एकेका वस्तूला बोट लावत तो मोजू लागला. "डबा, एक. छत्री, दोन. टावेल. फोटू. चपला. पाकीट, सहा." मग त्याचं बोट हवेत थांबलं. त्याची नजर मीनाच्या मागं, तिच्या कमरेएवढ्या उंचीवर गेली. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"सात," तो पुटपुटला. "बरोबर हाय."

त्यानं स्टूल ओढून बाजूला घेतलं आणि फाटक आणखी थोडं उघडलं.

"अवो मामा, आमी काय हत्ती हाय का एवढी वाट द्यायला?" आत्या हसली.

"जा बाय," तो म्हणाला. "आता लवकर जावा. मागं नका थांबू."

त्या संध्याकाळी आईनं हॉल तिकीट तीनदा वाचलं आणि भिंतीवरच्या फोटोपुढे ठेवलं. आत्या जेवायला थांबली होती. तिघींचा अंदाज घेऊन आईनं भाकरी थापल्या, तरी एक कमी पडली. "मोजल्या होत्या मी," आई टोपलीत बघत म्हणाली. मीना काय सांगणार? सही तिची होती. रात्रभर ती भिंतीला पाठ लावून बसून राहिली, आणि आईला वाटलं पोरगी अभ्यास करते आहे.

सोमवारी ती वेळेवर वर्गात पोचली. पर्यवेक्षकांनी हॉल तिकीट पाहिलं, नंबर ताडून पाहिला, उत्तरपत्रिका दिली. तिला खिडकीजवळचं शेवटचं बाक मिळालं होतं. प्रश्न सोपे होते. मीना लिहीत गेली आणि भीती थोडी थोडी मागं पडत गेली. व्याकरण झालं, पत्र झालं. निबंध तेवढा राहिला. विषयांमधून तिनं "माझे घर" निवडला, वर शीर्षक घातलं, खाली रेघ ओढली. जागरणानं डोळे चुरचुरत होते. पेनाला टोपण लावून तिनं क्षणभर डोकं बाकावर टेकवलं.

ती दचकून उठली ती शेवटच्या घंटेनं.

पर्यवेक्षक पुढच्या बाकापर्यंत आले होते. "चला, पेपर द्या. लिहिणं थांबवा."

मीनानं खाली पाहिलं. निबंध पूर्ण झाला होता. दीड पान भरलेलं, एकही खाडाखोड नाही. अक्षर तिचंच होतं, तिच्यापेक्षाही नीटस. तिच्या हातातल्या पेनाला टोपण तसंच होतं. तिची नजर शेवटच्या ओळींवर गेली.

"आमचे घर लहान आहे, पण मला ते फार आवडते. घरात आम्ही तिघे आहोत. आई, बाबा आणि मी. मीना होती तोपर्यंत आम्ही चौघे होतो."

पर्यवेक्षकांनी हात पुढे केला. शाई अजून ओली होती. मीनाच्या शेजारून, अगदी कानाजवळून, कुणीतरी हलकेच त्या शाईवर फुंकर घातली.