चार वाजता रातकिडे गप्प होतात

१९९६ साल. ऑगस्टचा महिना. आणि वेळ दुपारी चारची... रात्रीची नाही.

हे आधीच सांगते, कारण भुताची गोष्ट म्हटली की माणसं अंधार गृहीत धरून बसतात. इथे लख्ख उजेड होता. ज्या खोलीत हे घडलं तिथे तर दिवसभर बल्ब जळायचे.

गोष्ट माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीची. बरीचशी तिने मला सांगितली. काही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आणि थोडी... थोडी माझ्यामुळे घडली. त्यामुळे खरी आहे की नाही हे मला कुणी विचारू नये.

ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, कवळ्या बनवायचे. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि हे टेबलाशी वाकून बारीक चिमट्याने एकेक दात बसवायचे. माणूस सरळ, निर्व्यसनी आणि अबोल. ताईशी दिवसाला दहा वाक्यं बोलले तर डोक्यावरून पाणी.

पण एकाशी ते भरपूर बोलायचे.

सरड्याशी.

कुंपणावरचा साधा सरडा नव्हे. हातभर लांब, गळ्याखाली काटेरी दाढी, काचेच्या पेटीत दिव्याखाली मान ताठ करून बसणारा. त्याचा तोरा बघून भाऊजींनी त्याला 'साहेब' म्हणायला सुरुवात केली. साहेब जेवले का, साहेबांचा मूड नाही आज, असं चालायचं.

"साहेब कसले," ताई म्हणायची, "सवत आहे ती माझी."

आम्ही हसायचो. तीही हसायची.

साहेबांना जिवंत रातकिडे लागायचे. म्हणून भाऊजींनी मागच्या खोलीत रातकिडेच पाळले होते. कमरेच्या उंचीवर एक लांब फळी, दारापासून खिडकीपर्यंत. तिच्यावर ओळीने बारा प्लास्टिकचे टब, वर जाळीची झाकणं. आत अंड्यांचे कागदी ट्रे उभे लावलेले, किड्यांना दडायला. कोंडा, किसलेलं गाजर. पाणी बशीत ठेवलं तर बुडून मरतात, म्हणून ओला स्पंज. खोलीभर ऊब आणि एक कुबट वास. बाराव्या टबापलीकडे, खिडकीखाली, साहेबांची पेटी.

रोज चार वाजता भाऊजी हात धुऊन आत जायचे. चिमट्याने काचेवर दोनदा वाजवायचे.

टक. टक.

साहेब मान वर करायचे. मग कॅल्शियमची पांढरी पूड लावलेला एकेक रातकिडा चिमट्यात धरून त्यांच्या तोंडापाशी.

रातकिड्यांची एक खोड आहे. जवळ पाऊल पडलं की ते गप्प होतात. तुम्ही त्या खोलीत शिरलात की दाराजवळचा पहिला टब गप्प व्हायचा. मग दुसरा. मग तिसरा. तुम्ही पुढे गेलात की मागचे पुन्हा किरकिरू लागायचे. डोळे मिटून बसलं तरी माणूस कुठवर आलाय ते कळायचं.

एवढं लक्षात ठेवा.

मार्चमध्ये भाऊजी गेले. छातीत दुखायला लागलं, दोन दिवस दवाखान्यात होते. ताई उशाशी बसून होती. बावीस वर्षांचा संसार, मूलबाळ नाही, दोघंच दोघांना. शेवटी त्यांनी तिचा हात धरला. ती वाकली.

ते म्हणाले, "साहेबांची वेळ चुकवू नकोस."

बस. एवढंच.

ताई हे सांगताना हसायची. पण ते हसू ओठांच्या वर जायचं नाही.

तिने वेळ चुकवली नाही. पण साहेब तिच्या हातून खाईनात. चिमटा तोच, रातकिडे तेच, वेळ तीच. मान फिरवून बसायचे. तिने वाडग्यात रातकिडे सोडून पाहिले. तेही नाही. दाढी लोंबायला लागली, शेपटीचं हाड दिसायला लागलं. सरड्यांचा डॉक्टर येऊन बघून गेला. तरुण होता, बोलका होता.

"काकू, हा सुतकात आहे," तो म्हणाला. "वाट बघा. आणि न खाल्लेले रातकिडे संध्याकाळी आठवणीने बाहेर काढा. उपाशी राहिले तर ते उलटे यालाच कुरतडतील."

आणि मग मे महिन्यातली ती दुपार.

ताई पेटीशेजारी स्टुलावर बसली होती. वाडग्यात पाच रातकिडे सोडलेले. साहेब डोळे मिटून. ती कंटाळून भिंतीला टेकली होती, अजिबात हलत नव्हती.

पहिला टब गप्प झाला.

तिने दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. कुणी नव्हतं.

दुसरा टब गप्प झाला...

मग तिसरा. पहिला पुन्हा सुरू झाला. चौथा... पाचवा... ती शांतता फळीच्या कडेने चालत येत होती. घाई नाही. हात धुऊन आलेल्या माणसासारखी.

बारावा टब गप्प झाला.

टक. टक.

चिमटा खिळ्याला टांगलेला होता. तो हलत होता.

साहेबांनी मान वर केली आणि पाचही रातकिडे खाल्ले.

तुम्ही असता तर पळाला असता. ताई रडली... आनंदाने. त्याच संध्याकाळी तिने मला फोन केला.

"हे येतात गं," ती म्हणाली. "रोजच येतील बघ आता."

"उंदीर असेल," मी म्हटलं.

"उंदीर चार वाजता येतो का घड्याळ बघून? तू ये नि बस."

मी गेले. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो, श्वास रोखून. चार वाजले. पहिला टब गप्प झाला. दुसरा झाला. तिसरा झाला...

मी उठून पळाले. एक चप्पल तिथेच राहिली. ताई नंतर कितीतरी दिवस मला त्यावरून चिडवायची, "चप्पल न्यायला ये, ते काही खात नाहीत चपला." मी गेले नाही. त्यानंतर त्या घरी गेले ती सकाळीच, आणि जेवणाच्या आत परत.

ताई मात्र बदलली. दुपारी केस विंचरायला लागली. चांगली साडी नेसून स्टुलावर बसायची. दोन कप चहा न्यायची. बोलायची त्यांच्याशी. गुडघा दुखतो, शेजारीण वाईट बोलली, तुमचा स्वेटर कपाटातच ठेवलाय.

शांतता यायची. साहेबांना भरवायची. निघून जायची.

तिच्यापाशी कधी थांबली नाही. तिच्या निजायच्या खोलीत, स्वयंपाकघरात, कुठेच कधी काही जाणवलं नाही. एक टब तिने उचलून स्वतःच्या पलंगाशी ठेवून पाहिला आठवडाभर. तो टब एकदाही गप्प झाला नाही.

एक दिवस ती वाटेतच उभी राहिली. सातव्या टबापाशी, फळी आणि भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. शांतता सहाव्या टबापर्यंत आली आणि थांबली.

तशीच थांबून राहिली.

"मला ओळखीचं होतं ते," ताई मला म्हणाली. "मी वाटेत असले की हे असेच उभे राहायचे. 'सरक' सुद्धा म्हणायचे नाहीत. मी आपणहून सरकेपर्यंत."

"मग?"

"मग काय. सरकले."

आता ऑगस्ट. तो शुक्रवार.

त्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे जायचं कबूल केलं होतं. कसलासा फॉर्म भरायचा होता, तिला अक्षर नीट दिसत नव्हतं. "तीनला ये," ती म्हणाली होती. तीन म्हणजे चार होणारच. मी आदल्या दिवसापासून सबबी शोधत होते.

सकाळी अकराच्या सुमारास ती स्टुलावर चढून बल्ब बदलत होती. स्टूल निसटलं. पडताना हात फळीवर आपटला आणि पाचवा टब तिच्या अंगावर आला. खुब्याचं हाड मोडलं. ऊब टिकावी म्हणून खिडकी बंद असायची. खोली मागे. हाका मारून घसा बसला.

टबातले शेकडो रातकिडे जमिनीवर पसरले. तिच्या केसांत, बाहीत. भेगाळलेल्या टाचा कुरतडायला लागले. तिला पाय हलवता येत नव्हता.

तीन वाजता बाहेरच्या खोलीत फोन वाजला.

तो मी केला होता. येत नाही असं सांगायला. तिने उचलला नाही तेव्हा मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. बाहेर गेली असेल, म्हटलं. बरं झालं.

चार वाजले.

पहिला टब गप्प झाला.

ताई म्हणाली, तेवढा आनंद तिला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता.

दुसरा... तिसरा... चौथा. मग तिच्याभोवती जमिनीवर पसरलेले सगळे रातकिडे एकदम गप्प झाले. म्हणजे तो माणूस तिच्या डोक्यापाशी उभा होता.

"आलात?" ती म्हणाली. "मी पडलेय हो. मला उठवा."

काहीच नाही.

मग तिच्या बाहीवरचा रातकिडा उचलला गेला.

मग मानेवरचा.

मग एक केसांत अडकलेला. तिथे एक बट अलगद वर ओढली गेली, हळूच सोडवली गेली. इतकी जपून... की किड्याचा पाय मोडू नये.

एकेक करून सगळे. किती वेळ चाललं कोण जाणे. मग टब फळीवर टेकल्याचा आवाज आला. झाकण बसल्याचा. मग कोपऱ्यातल्या कॅनमधून पाणी ओतल्याचा... एका टबात, दुसऱ्या टबात, तिसऱ्या. स्पंज भिजत होते. थेंब खाली पडत होते, तिच्यापासून दोन हातांवर.

"अहो," ती म्हणाली, "घोटभर मला पण."

टक. टक.

पेटीची जाळी कुरकुरली. साहेब जेवले.

आणि शांतता फळीच्या कडेने परत निघाली. बारा, अकरा, दहा... तिच्यापाशी आली. थांबली. ती वाटेत आडवी पडली होती ना.

ती सरकू शकत नव्हती.

कशी कोण जाणे, पण ती शांतता तिला ओलांडून गेली. चौथा, तिसरा, दुसरा, पहिला.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच. पाणी, टक टक, जेवण, ओलांडणं. त्या दिवशी ताई एक शब्द बोलली नाही.

शनिवारी संध्याकाळी सहाला मी गेले. मुद्दाम सहाला. दार वाजवलं, मग माझ्याकडच्या किल्लीने उघडलं. ताई जमिनीवर होती, ओठ फुटलेले, शुद्ध होती-नव्हती. मी आरडाओरडा केला, शेजारी आले, गाडी आली.

पण त्या गडबडीतही मी पाहिलं ते पाहिलं. बाराही टब जागेवर होते, सरळ ओळीत. सगळ्यांची झाकणं बसलेली. सगळे स्पंज ओलेचिंब. जमिनीवर एकही रातकिडा नव्हता. स्टूल मात्र आडवंच. फुटक्या बल्बच्या काचा तिच्या कुशीखाली तशाच.

सगळे म्हणाले, भ्रमात तिनेच केलं असणार. हाडांचा डॉक्टर म्हणाला, हे हाड मोडलेली बाई बसूसुद्धा शकत नाही.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिने मला विचारलं नाही, की तू का आली नाहीस. एवढंच म्हणाली, "त्यांना वेळ होता गं. हात चालत होते त्यांचे. फक्त मी त्यांच्या कामातली नव्हते."

साहेबांना सरड्यांच्या डॉक्टरने नेलं. त्याच्याकडे साहेब आणखी सहा वर्षं जगले. डॉक्टर सांगायचा, हा माझ्या हातचं क्वचितच खातो, पण पाचला बघावं तर पोट टम्म. त्याला वाटायचं मदतनीस भरवतो. मदतनिसाला वाटायचं डॉक्टर. मी दोघांनाही काही सांगितलं नाही. पुढे डॉक्टर दुसऱ्या गावी गेला, आता कुत्र्या-मांजरांचाच दवाखाना चालवतो असं ऐकलं.

घर विकलं. ताई माझ्याकडे राहायला आली, काठी टेकत चालायची. सामान म्हणून तिने दोन पेट्या कपडे आणले, आणि रातकिड्यांचा एक टब. सरडा नाही, काही नाही. "आवाजाची सवय झालीय," म्हणाली. पंधरा वर्षं तिने ते किडे पाळले. जुने मरायचे, अंड्यांतून नवे यायचे. रोज चारला ती टबाशेजारी अजिबात न हलता बसायची.

माझे यजमान तिला बघून मला खुणेने विचारायचे, हे काय? मी मान हलवायचे.

एकदाही ते गप्प झाले नाहीत.

२०११ साली ती गेली. योगायोग म्हणा, दुपारचीच वेळ होती. मी तिचा हात धरून बसले होते, अगदी स्थिर, आणि कान त्या टबाकडे लावले होते. पावणेचार. चार. सव्वाचार. तिचेही डोळे तिकडेच होते.

किडे एक क्षणभरही थांबले नाहीत.

मी तो टब दुसऱ्या दिवशी रिकामा केला.

माझे यजमान जाऊन आता सात वर्षं झाली. बोलके होते, प्रेमळ होते. मी चौऱ्याहत्तरची आहे, एकटी राहते, आणि स्टुलावर चढत नाही. कधीतरी बागेतून एखादा रातकिडा घरात शिरतो आणि पलंगाखाली किरकिरत बसतो. मुलगी म्हणते, हाकलून दे ना. मी हाकलत नाही. हातातलं काम सोडून, हालचाल बंद करून, ऐकत बसते.

अजूनपर्यंत तरी तो गप्प झालेला नाही...