रुमालाले नको, मले विचार

खामगाव गाडी जळगाव जामोदच्या स्टँडवर लागली, तसा स्वरदानं खिडकीतून सीटवर पिवळा रुमाल टाकला आणि रेटारेटी करत वर चढली. बघते तर काय... रुमाल घडी घालून दांडीवर ठेवलेला, आणि सीटवर एक सावळा तरुण, मांडीवर लसींचा डबा घेऊन ऐसपैस!

"रुमाल माझा आहे," ती फणकारली.

"हाव. मी विचारलं त्याले, कोणी बसणार आहे का इथं? काही बोललाच नाही."

हसायचं नाही असं ठरवूनही ती हसली. त्यानं उठून तिला खिडकी दिली. कुशल नाव त्याचं, गुरांचा डॉक्टर. दर गुरुवारी नांदुऱ्याला उतरून पिंपळगाव राजाला जायचा. स्वरदा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायची, पण गुरुवारच्या मीटिंगला घरच्या नेटचा भरवसा नको म्हणून खामगावला मैत्रिणीचं ऑफिस गाठायची.

तिनं लॅपटॉप उघडला आणि कपाळावर आठ्या चढल्या.

"कोण आजारी आहे?" त्यानं डोकावत विचारलं.

"नवं मशीन. पंखाच फिरत नाही, तापून राह्यलं. पंखा चालवणारा प्रोग्राम, त्याले ड्रायव्हर म्हणतात, तो एक जागा मागते. पण फर्मवेअर, म्हंजे मशीनमध्ये सगळ्यात आधी जागं होते ते, त्यानं ती आधीच आपल्या नावावर करून ठेवली. मंग कर्नेल, म्हंजे सगळ्यायले जागा वाटून देणारा, ड्रायव्हरले बसूच देत नाही."

"म्हंजे रुमाल टाकेल आहे."

स्वरदा त्याच्याकडे बघतच राहिली. "हो... रुमालच."

"मंग फेका न उचलून!"

"अन् तो खरंच येऊन बसला तर? दोघं एकाच जागी भिडले तर मशीनच बंद पडते."

"मंग आधी विचारा. बसतं का बे, म्हणा!"

तिनं तेच केलं. तीन आठवडे फर्मवेअरवर पाळत ठेवली. त्या जागेला त्यानं एकदाही हात लावला नाही. जुन्या मॉडेलची नोंद कुणीतरी तशीच उतरवली होती, एवढंच. तिनं त्या एका मॉडेलपुरती ड्रायव्हरला बसायची सूट लिहिली आणि पंखा फिरला! साहेबांच्या आधी तिनं ते कुशलला सांगितलं. तेव्हाच तिच्या मनात काय आहे हे तिला कळलं.

त्या गुरुवारी त्यानं सोनाळ्याची संत्री आणली होती. सोललेली फोड तिच्या तळव्यावर ठेवत तो अडखळला. "आता... मले एक विचारायचं होतं..."

"नका विचारू," ती घाईनं म्हणाली. "माझ्यावर रुमाल टाकेल आहे. बारशातच. शकुंतलाआत्या म्हणे, ही माझ्या सोहमची. बाबांले तिनंच वाढवलं... तिचा शब्द ते मोडत नाहीत."

नेहमी टोपी उडवणारा तो गडी लसींचा डबा उचलून उभा राहिला. नांदुऱ्याला मागे न बघता उतरला, आणि संत्र्याची फोड तिच्या हातात तशीच राहिली.

खामगाव येईस्तोवर स्वरदाला स्वतःचाच राग आला. मशीनला तीन आठवडे रोज विचारलं, आणि सोहमला चोवीस वर्षांत एकदाही नाही! गाडीतून उतरताच तिनं नागपूरला सोहमला फोन लावला.

"सोहम, खरं सांग. तुले माझ्यासंगं लग्न करायचं आहे का?"

पलीकडे आधी दार लावल्याचा आवाज आला.

"तुले वाईट वाटंल म्हणून बोललो नाही गं..." तो पुटपुटला. "चार वर्षं झाले, हिमानीले थांबवून ठेवलं मी."

स्वरदा भर स्टँडवर हसली आणि रडलीही.

आपल्या आईला सोहमनंच सांगितलं. आत्या दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी बाबांना फोन करून म्हणाली, "आपण दोघं भाऊबहीण येडे रे! मले वाटे, तू शब्द धरून बसला. तू समजला, मी धरून बसली."

पुढच्या गुरुवारी स्वरदाला स्टँडवर यायला उशीर झाला. गाडी खच्चून भरलेली. फक्त खिडकीजवळची एक सीट रिकामी, तिच्यावर निळा रुमाल, आणि शेजारी खाली मान घालून कुशल.

"तुमच्यासाठी धरली," तो वर न बघताच म्हणाला. "जागा तेवढी. बाकी काही नाही."

तिनं रुमाल उचलला, घडी केली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवून शेजारी बसली.

"सोहम बसणार नाही म्हणे," ती हळूच म्हणाली. "मी विचारलं त्याले."

कुशलनं चमकून पाहिलं. त्याचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

"रुमालाले नको, कुशल..." ती म्हणाली. "मले विचार."