सातचे ठोके

पावणेआठला अलॉइस प्रोहास्का परत आला, तेव्हा सम्राज्ञीच्या दालनातलं मेजावरचं घड्याळ जागेवर नव्हतं.

संग्रहालय झालेल्या व्हिएन्नाच्या त्या महालातल्या चाळीस घड्याळांना किल्ली देणं हे त्याचं काम. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळ्यासाठी सगळं शहर घड्याळं एक तास मागे घेतं. ठोक्यांच्या जुन्या घड्याळाचे काटे मात्र उलटे फिरवता येत नाहीत. ते तासभर बंद ठेवावं लागतं. दरवर्षी तो हे शनिवारी संध्याकाळीच उरकायचा. यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि काम रविवारवर गेलं. सकाळी पावणेसातला त्याने या घड्याळाचा लंबक थांबवला आणि तो पुढच्या दालनांत गेला.

बायको गेल्यापासून त्याला बोलायला एकच माणूस उरला होता, रखवालदार फर्डल. दर रविवारी दोघं एकत्र कॉफी घेत.

तासाभरात इन्स्पेक्टर ब्रांडनरबाई आल्या.

"साडेसातला इथे कोण होतं?"

"मी, मॅडम. फरशी पुसत होते," सफाईवाली मिलिका म्हणाली.

"घड्याळ होतं तेव्हा?"

"नाही बघितलं हो. माझी नजर खाली असते."

"आणि तुम्ही, फर्डल?" बाईंनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं.

फर्डल गप्प. त्या वळल्या तेव्हा म्हणाला, "काय म्हणालात?"

"घड्याळ शेवटचं कधी पाहिलंत?"

"पाहिलं नाही, ऐकलं. दाराबाहेर उभा होतो. सातचे सात ठोके स्पष्ट पडले. तीस वर्षं ऐकतोय, चुकेन कसा?" त्याने बाहीवरची राख झटकली.

"म्हणजे सातनंतर आत आलीस ती तूच," बाई मिलिकाला म्हणाल्या. "चल चौकीवर."

"नोकरी गेली तर मला या देशातून घालवतील, मॅडम."

अलॉइस बागेकडे बघत राहिला. माळी कुंड्यांतली संत्र्याची झाडं थंडीसाठी काचघरात नेत होते. बोललं तर रविवारची कॉफी संपणार होती. गप्प बसावं असं त्याला फार वाटलं.

"सातला ते घड्याळ वाजलंच नाही," तो म्हणाला. "पावणेसातला मी स्वतः बंद केलं होतं. ठोके ऐकले म्हणणारा खोटं बोलतोय. आणि मॅडम, कोपऱ्यातली ती चिनी मातीची उंच शेगडी बघा. तिला इकडून दार नाही. नोकर मागच्या बोळातून लाकडं घालत. ती कधीची विझलीय, पण आत राख आहे. ते मागचं दार आम्हा जुन्या माणसांनाच ठाऊक."

घड्याळ शेगडीतच सापडलं, फर्डलच्या मफलरात गुंडाळलेलं.

फर्डलने घड्याळावर तळवा ठेवला. "बंद होतं? उचललं तरी मला कळलं नाही, अलॉइस. दोन वर्षं झाली, कानाला काही येत नाही. ठोके पडताना वर तळवा ठेवला की तेवढं हाताला कळतं. शुक्रवारी निवृत्त होतोय. घरी आहे कोण माझं?"

"मला सांगायचं होतंस."

फर्डल त्याच्या ओठांकडे बघत होता. "तू इतक्या आनंदाने बोलायचास. मी आपला मान हलवायचो."

त्या दोन वर्षांत अलॉइसने त्याला आपल्या बायकोबद्दल सगळं सांगितलं होतं.