चंद्रावरची केळीबाग

"आरती झाली का हो?"

कुमुदने मान वर केली. समोर एक उंच, सावळा मुलगा उभा. चपला दारात काढलेल्या, हात जोडलेले, कपाळावर केस आलेले... आणि डोळ्यांत सरळसरळ भूक.

"कसली आरती?"

"सत्यनारायणाची." त्याने टेबलाकडे पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला. "आणि प्रसाद... संपला की काय?"

अगं बाई! कुमुदच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "हे विज्ञान प्रदर्शन आहे," ती म्हणाली, "आणि ही चंद्रावरची केळीची बाग आहे. कळलं?"

मुलाने पुन्हा एकदा नीट पाहिलं. चौकोनी टेबल. चार कोपऱ्यांना पुरुषभर उंचीची केळीची चार झाडं. मधोमध पांढरं कापड, त्यावर काहीतरी झाकलेलं, आणि पुढे एक नारळ. आता तुम्हीच सांगा, त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? खानदेशात वाढलेला कुठलाही माणूस हे बघून चपलाच काढणार.

अठ्ठ्याऐंशी सालचा हिवाळा होता. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांचं प्रदर्शन जळगावात भरलं होतं आणि विषय होता 'अंतराळातलं उद्याचं जग'. जिकडे बघावं तिकडे थर्मोकोलची रॉकेटं. यावलच्या कुमुद भंगाळेने मात्र वेगळाच विचार केला होता. उद्या माणूस चंद्रावर राहायला गेला तर खाणार काय? तिने काचेच्या पेटीत वीटभट्टीची राख घातली, त्यात केळीची इवलीइवली रोपं लावली आणि सलाइनच्या नळ्यांचं ठिबक केलं. पानांतून निघालेली वाफ काचेला लागायची आणि थेंब होऊन पुन्हा मुळाशी यायची. पाणी वाया जायचं कामच नाही. वर प्लास्टिकचा घुमट होता. तो ताणून बांधायला काही सापडेना, म्हणून तिचे वडील तोतारामआबा यांनी बागेतून चार झाडं मुळासकट उचलून आणली. नारळही त्यांनीच ठेवला. चांगल्या कामाची सुरुवात नारळाशिवाय कशी करायची, असं त्यांचं म्हणणं.

या प्रदर्शनावर कुमुदचं सगळं अडकलं होतं. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. तिला पुण्याला एम.एस्सी. करायची होती आणि पुढे जमलंच तर अंतराळाच्याच कामात शिरायचं होतं. आबा म्हणाले होते, "पहिला नंबर आण आणि खुशाल पुण्याला जा. नाही आला, तर चैत्रात स्थळं बघायला लागू." आबा शब्दाचे पक्के. म्हणूनच तर तिला धास्ती होती.

"मी अभिमन देसले," तो मुलगा म्हणाला. चपला अजून दारातच. "शिंदखेड्याचा. धुळ्याला शिकतो. तुमच्या शेजारचाच स्टॉल. चंद्रावर चालणारी गाडी."

"आणि ती गाडी चंद्रावर जाऊन काय करणार?"

"फिरेल. माती उकरेल."

"मग?"

"मग..." त्याने डोकं खाजवलं. "पुढचं काही ठरवलं नव्हतं. पण आता तुमच्या बागेतले घड वाहील म्हणतो. भाडं द्याल ना?"

कुमुदला हसू येत होतं. तिने ओठ दाबून धरला, पेटीवरची न पडलेली धूळ पुसली आणि म्हणाली, "आधी चालून तर दाखवू दे तुमची गाडी." तो हसत हसत गेला. तो गेल्यावर तिने तीच काच परत एकदा पुसली.

दुपारी गावातली माणसं यायला लागली आणि गंमतच झाली. कॉलेजात सत्यनारायण आहे, अशी बातमी कशी कोण जाणे सगळीकडे पसरली. बायका दारात चपला काढून आत यायच्या, हात जोडायच्या, पेटीपुढे नाणं ठेवायच्या. एकीने तर पदराच्या गाठीतून पुडी सोडली आणि काचेला कुंकू लावलं. एक म्हातारी थेट कुमुदच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "माय, परसाद कोठे शे?"

कुमुदच्या डोळ्यांत पाणीच आलं. परीक्षक आता कधीही आले असते आणि इथे जत्रा भरलेली!

तेवढ्यात अभिमन आला. स्वतःचा स्टॉल तसाच उघडा टाकून. दारात उभा राहून त्याने खणखणीत आवाज लावला, "आजी, परसाद नही शे, पन चांद शे! बठ्ठा रांगमा उभा ऱ्हा. ताई काय सांगतस ते आयका!"

आणि खरंच, सगळ्यांची रांग लागली. कुमुदने सांगायला सुरुवात केली... आधी आवाज कापत होता. मग तिची नजर दाराकडे गेली. अभिमन तिच्याकडेच बघत होता, मान हलवत, जणू तो हे सगळं पहिल्यांदाच ऐकतोय. तिचा आवाज मोकळा झाला.

रांगेतल्या पिंप्राळ्याच्या कमलबाईंनी विचारलं, "का गं पोरी, तिथं वारं सुटतं का? वाऱ्याने केळीचं पान फाटतं बरं."

"नाही मावशी. चंद्रावर हवाच नाही."

कोपऱ्यात स्टुलावर बसून आबा सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला. "थांब, थांब. काय सांगू राहिली? वारा नाही?"

"हवाच नाही तर वारा कुठला, आबा?" दारातून अभिमन म्हणाला.

"म्हणजे वादळ नाही?"

"नाही."

"म्हणजे बाग आडवी होणार नाही? कधीच?"

"कधीच नाही."

आबा उठून उभे राहिले. दर वैशाखात यावलकडे वादळ येतं आणि घडांनी लगडलेल्या बागा एका तासात झोपवून जातं. आबांनी जन्मभर आभाळाकडे पाहिलं ते काळजीनेच. आज पहिल्यांदा त्यांना आभाळात काहीतरी चांगलं दिसलं. तिथून पुढे प्रत्येक माणसाला आबाच धरून धरून सांगू लागले, "वारा नाही भो तिथं! बघून ठेवा, उद्याची केळी चंद्रावरच होणार!"

परीक्षक आले ते नेमके त्याच वेळी. काचेवरचं कुंकू बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे विज्ञान आहे की पूजा?"

कुमुद पुढे झाली. "सर, लोक हात जोडून आले हे खरं आहे. पण जाताना 'तिथं पाणी कुठून आणणार, वारा असतो का' असं विचारत गेले. रॉकेट बघून कुणी असं विचारलं का? माणूस तिथं नुसता जाऊन येणार असेल तर गोष्ट वेगळी. राहायला जाणार असेल तर त्याला घरासारखं काहीतरी लागेलच ना, सर?"

परीक्षकांनी 'हं' केलं, काहीतरी लिहिलं आणि शेजारच्या स्टॉलवर गेले. अभिमनची गाडी वाळूच्या ढिगावरून तुरुतुरु चालली, वळली, खड्डा चुकवून पुन्हा सरळ झाली. कुमुद दोन स्टॉलांमधल्या पडद्याआडून बघत होती. झकासच चालली, मेली!

संध्याकाळी निकाल लागला. पहिला नंबर धुळ्याच्या चंद्रगाडीचा. दुसरा नंबर यावलच्या केळीबागेचा.

कुमुद नळ्या गुंडाळत बसली. अभिमन बक्षिसाची ढाल घेऊन आला तो असा, की त्यालाच कुणी ओरडलंय.

"हे बघा... मी त्यांना सांगतो की—"

"काही सांगायचं नाही," कुमुद एकदम म्हणाली. डोळे भरले होते तरी आवाज ठाम होता. "गाडी चांगली चालली. मी बघितलं आहे. अभिनंदन."

मागून आबांचा आवाज आला. "दुसरा? माझ्या पोरीच्या बागेला दुसरा नंबर?"

"आबा, जाऊ द्या. आपलं ठरलं होतं, पहिला आला तरच—"

"काय ठरलं होतं?" आबांचा चेहरा लालबुंद झाला होता. "त्या परीक्षकाने उभ्या जन्मात केळीचा कंद तरी लावला आहे का? वारा नाही, वादळ नाही, अशी जागा पोरीने शोधून दिली आणि हा दुसरा नंबर देतो! तू पुण्याला जा. एम.एस्सी. कर. त्याच्या पुढे जे काय असेल तेही कर! मग बघतो मी, तुझ्या बागेला दुसरा नंबर देणारा कोण माईचा लाल आहे तो!"

आणि तणतणत ते टेंपोवाल्याला बोलवायला गेले.

कुमुद हातात नळी धरून तशीच उभी राहिली. मग तिला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही तिने अभिमनसमोरच उरकून घेतलं.

"मीपण... जूनपासून पुण्यालाच," थोड्या वेळाने तो म्हणाला. गाडीची एक वायर उगाचच बोटाला गुंडाळत होता. "तुमच्या त्या बागेत... राखणदार लागेल का एखादा?"

तो शिंदखेड्याचा देसले, आपण यावलचे भंगाळे; जात वेगळी. हे घरी सांगायचं म्हणजे काय होईल, ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दुपारभर स्वतःचा स्टॉल वाऱ्यावर सोडून दारात उभं राहिलेलं हे माणूस तिला आवडलं होतं. खूप आवडलं होतं.

"राखणदार कशाला?" ती म्हणाली. "चंद्रावर चोर कुठून येणार?"

"तेही खरंच." त्याचा चेहरा पडला.

"मला सोबत हवी आहे, अभिमन. येशील?"

त्याच्या बोटावरची वायर सुटली. तो तिच्याकडे बघतच राहिला. कान लाल झाले.

"कधी निघायचं?"

"काबरं वेळ लावू राहिले रे?" बाहेरून आबा ओरडले. "टेंपोवाला खोळंबला!"

दोघंही खळखळून हसली. मग तिने इकडून धरलं, त्याने तिकडून, आणि चंद्रासकट टेबल उचललं.