गाडी पूर्ण नाही

मंठ्याला रेल्वे नाही. त्यामुळे रेल्वेतलं गार्ड-ड्रायव्हरचं वॉकीटॉकीवरचं बोलणं ऐकायचं तर रेडिओ गाडीत बसवून रुळांकडे जावं लागणार, हे मी मिथुनला समजावून सांगितलं. मिथुन माझा जुना विद्यार्थी, जालन्यात गाड्यांना टेप, कॅमेरे आणि असलं सगळं बसवून देतो. गणितात कायम काठावर पास व्हायचा, पण हाताला गुण आहे.

"हे कायद्यात बसत न्हाई, मॅडम," तो म्हणाला.

"तीस वर्षं मी कायद्यातच बसलेय. तू सेट दाखव."

माझे मिस्टर संपत मालगाडीवर गार्ड होते. दोन वर्षांपूर्वी घरीच, झोपेत गेले. त्यांचे फोटो ढीगभर आहेत, आवाज मात्र कुठेच नाही. फोनवर 'हां, निघालो' यापलीकडे ते बोलत नसत आणि कुणी व्हिडिओ काढायला लागलं की उठून जात. गेल्या उन्हाळ्यात एकदा भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की त्यांचा आवाज मला आठवेनासा झालाय. शब्द आठवतात, आवाज नाही. मला फार भीती वाटली. निदान तेच शब्द दुसऱ्या गार्डांच्या तोंडून ऐकावेत, एवढंच मनात होतं.

मिथुनने दोन सेट काढले. एक नवाकोरा, खरखर गाळून फक्त बोलणं ऐकवणारा. दुसरा वापरलेला, जे येईल ते कानावर आदळणारा. नवाच घ्या, असं तो म्हणत होता, पण मी शास्त्र शिकवते. तपासून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. शेवटी दोन्ही सेट माझ्या व्हॅनमध्ये बसवले, छपरावर दोन सारख्या एरियल लावल्या आणि रविवारी दुपारी आम्ही परतूरकडे निघालो.

परतूरच्या अलीकडे रस्ता आणि रूळ पाच-सहा किलोमीटर शेजारीशेजारी जातात. वॉकीटॉकीचा आवाज लांब पोचत नाही. एका जागी उभं राहून ऐकलं तर दोन मिनिटांत गाडी जाते आणि बोलणंही जातं. सोबत चालत राहिलं तर टिकतं. सोबत चालायला माझी कधीच ना नव्हती.

आधी एक पॅसेंजर आली. दोन्ही सेटवर एकच बोलणं, गार्ड कुणीतरी तरुण. नव्यावर स्वच्छ ऐकू आलं. मिथुनने माझ्याकडे 'बघा' अशा नजरेनं पाहिलं.

मग मागून मालगाडी आली. रानात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या आणि त्यांच्या पलीकडून डबे सरकत होते. नवा सेट गप्प होता. जुना खरखरला.

"गार्डसाहेब, गाडी पूर्ण?" ड्रायव्हर विचारत होता.

कुणीतरी घसा साफ केला. दोनदा, मध्ये थोडं थांबून.

"न्हाई. गाडी पूर्ण न्हाई. एक राहिली मागं."

डबा तुटून मागे राहिलेला नाही, याची खात्री करून गार्डने 'गाडी पूर्ण' म्हणायचं असतं. संपत घरातही तसंच म्हणायचे. लग्नाला निघताना सगळे रिक्षात बसले की मागे वळून बघायचे आणि म्हणायचे. तो घसा एकतीस वर्षं मी उशाशी ऐकला होता. मी ब्रेक दाबला नाही, गाडी चालवत राहिले.

"गार्ड तर बोलून राह्यला," मिथुन म्हणाला, "मंग नव्यात का येईना?"

आम्ही उतरून एरियलींची अदलाबदल केली. तासाभराने दुसरी मालगाडी आली. पुन्हा जुन्यावरच तोच घसा, तेच शब्द. या वेळी आम्ही गाडी पुढे जाऊ दिली आणि तिचं शेपूट पाहिलं. गार्डचा डबा नव्हता. शेवटच्या वाघिणीला, म्हणजे मालाच्या डब्याला, एक छोटं यंत्र लटकत होतं, त्यावर लाल दिवा. हल्ली काही मालगाड्यांना तेवढंच लावतात.

"ह्या गाडीला गार्डच न्हाई, मॅडम."

आम्ही जालन्याला त्याच्या दुकानात परतलो. तिथे त्याने जुन्या सेटवर हात ठेवला. "हा नका घेऊ. सरांचा आवाज मला ठाऊक न्हाई, पण तुमचं तोंड पाह्यलं मी."

मी जुनाच घेतला.

पुढच्या रविवारी एकटी गेले. 'एक राहिली मागं.' त्याच्या पुढच्या रविवारी, 'येऊन राह्यली ती.' मी पोरीसारखी आठवडाभर रविवारची वाट पाहायला लागले होते. शनिवारी केसांना तेल लावायचे, इस्त्रीची साडी काढून ठेवायचे. यात वेडेपणा आहे हे कळत होतं, आणि तरी बरं वाटत होतं.

चौथ्या रविवारी मालगाडी माझ्या वेगाने चालायला लागली. मी हळू झाले, तीही झाली. मग ती थांबली. सिग्नल नाही, स्टेशन नाही, नुसतं रान.

मीही व्हॅन थांबवली. शेवटची वाघीण बरोबर माझ्या खिडकीसमोर होती.

या सेटला माईक नसतो. त्यातून फक्त ऐकता येतं. तरी काचा लावलेल्या व्हॅनमध्ये मी हळूच विचारलं, "जेवलात का?"

खरखर. घसा.

"न्हाई अजून. तू ये, मंग बसू."

मी रडले. किती दिवसांनी कुणीतरी मला जेवायला बोलावलं होतं.

"अजून किती वेळ, संपतभाऊ?" ड्रायव्हरने विचारलं.

"दोन मिनिटं. व्हॅनला कुलूप लावून राह्यली."

मी खाली पाहिलं. चावी माझ्या हातात होती.

पायाखाली रुळांची खडी होती.