हिरव्या शाईचं शब्दकोडं

सुट्टीच्या तिसऱ्याच दिवशी टिल्लीच्या लक्षात आलं, की कचरा वेचणाऱ्या मावशी तीन इमारतींचे कागदाचे डबे उपसतात आणि चौथीचा तसाच सोडून जातात. चौथ्या इमारतीत टिल्लीच राहायची, त्यामुळे तिला ते फारच लागलं. सेक्रेटरीकाका तर, बाई आळशी झालीय, तिला आत सोडणंच बंद करू, असं सगळ्यांना सांगत सुटले होते.

टिल्लीला चैन पडेना. सुट्टीला आलेल्या मामेभावाला, सगळे ज्याला प्रोफेसर म्हणत त्याला घेऊन तिनं मावशींना फाटकापाशी गाठलं. आमचाच डबा का सोडता, असं विचारल्यावर मावशींनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांनी बोटावरची चिंधी सोडून दाखवली.

"तुमच्या डब्यात इंजेक्शनच्या सुया असतात, पोरी. दोनदा टोचल्या. आता पुन्हा हात कसा घालू?"

दोघं तडक डब्याकडे धावले. कशालाही हात लावायचा नाही, असं प्रोफेसरनं बजावलं आणि माळीकाकांचा लांब चिमटा मागून आणला. बराच कागद उपसल्यावर वर्तमानपत्राची एक पुरचुंडी निघाली. आत चार बारीक सुया! त्या त्यांनी झाकणाच्या बरणीत टाकल्या. कागदावर नाव कुणाचंच नव्हतं. होतं ते हिरव्या शाईनं सोडवलेलं शब्दकोडं.

हिरवी शाई कुठे बरं पाहिली? टिल्ली विचार करत जिन्यापाशी आली आणि थबकली. फलकावरच्या प्रत्येक सूचनेखाली सेक्रेटरीकाकांची हिरवीगार सही होती.

नुसत्या शाईवरून ते कसले कबूल होतात, अशी शंका प्रोफेसरनं काढली. म्हणून टिल्लीनं आईच्या मोबाइलवर कोड्याचा फोटो काढला आणि साळसूदपणे काकांचं दार वाजवलं.

"काका, यातला सातवा आडवा शब्द चुकलाय ना?"

काकांनी चष्मा चढवला. "चुकेल कसा? अर्धा तास डोकं खाजवलंय मी!" मग ते अडखळले. "हे तुला कुठे मिळालं?"

टिल्लीनं बरणी पुढे ठेवली आणि मावशींच्या बोटाचं सांगितलं.

काकांचा चेहरा उतरला. साखरेच्या आजारामुळे ते रोज सुई टोचून घेत. कागदात गुंडाळली की झालं, असं त्यांना वाटायचं. ती पुरचुंडी कुणीतरी हातानं उलगडतं, हे कधी मनातच आलं नव्हतं. आतून काकूंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी काकांना चहासुद्धा पिऊ दिला नाही, आधी मावशींना दवाखान्यात न्यायला लावलं.

सगळ्या तपासण्या होऊन मावशींना काही झालेलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा कुठे काकांच्या जिवात जीव आला. त्यांनी सभेत स्वतःहून चूक सांगितली. सुयांसाठी जाड बरणी वेगळी झाली. मावशींना जाड हातमोजे, ओळखपत्र आणि कचरा निवडायला सावलीतली जागा मिळाली.

मोठ्यांनी दोघांना शाबासकी दिली. मावशी मात्र टिल्लीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "वीस वर्षं डबे उपसतेय. मी का थांबले, हे विचारायला तू पहिली आलीस."