दोघांची गादी

सरका जवळ, आणि तो मोबाईल उलटा ठेवा. अंगद माझा मावसभाऊ. त्याच्या तोंडून ऐकलंय हे, आणि सांगताना तो एकदाही हसला नव्हता.

गेल्या नवरात्रातली अष्टमीची रात्र. दसरा तोंडावर आलेला, म्हणून अंगद आपल्या गावच्या गढीची गादी आणायला कुंभार पिंपळगावला गेला होता. कापूस पिंजून नवा अभ्रा घालायला दिलेली. एका माणसाला मांडी घालून बसता येईल, एवढीच ती गादी. पण तिच्यापायी पूर्वी कधीकाळी गढीचे थोरले राव आणि धाकले राव, दोघे सावत्र भाऊ, फौजा घेऊन गावच्या ओढ्यात भिडले होते. बापाने वारस न सांगताच डोळे मिटले होते. दोघंही मेले, निम्मं गाव ओस पडलं. तेव्हापासून गादी रिकामी. दसऱ्याला चावडीत मांडायची, दोन्ही घरांनी बरोबरच विडा ठेवायचा, बसायचं कोणीच नाही. आणि ती गावाबाहेर न्यायची-आणायची तर दोन्ही घरांचा एकेक माणूस सोबत हवा.

अंगद थोरल्यांच्या घरचा, मच्छिंद्र धाकल्यांच्या. एका ताटात जेवून वाढलेले. पण पोळ्याला मानावरून बिनसलं आणि बोलणंच बंद झालं.

"आवो, मच्छिंद्र भावजींना सोबत घ्या. रीत हाय ती," बायको शिवकन्या म्हणाली होती.

"कायचा मच्छिंद्र? मी एकटाच आणतो," असं म्हणून गडी निघाला. हट्टाला पेटला की अंगद कोणाचं ऐकायचा नाही.

परतताना खड्ड्यांनी दोरी तुटली, गादी घसरायला लागली. अंगदने ती मोटारसायकलच्या सीटवर टाकली आणि खुशाल तिच्यावर बसला.

ओढ्याच्या पुलावर गाडी बंद पडली.

किक मारली. नाही. पुन्हा मारली. नाही. चंद्र मावळतीला गेलेला.

खाली टापा वाजल्या. या काठाला... मग त्या काठाला. दिसत काहीच नव्हतं. फक्त घोड्याच्या घामाचा वास. अगदी मानेजवळ.

"गादीवर बसला का?"

अंगदने वळून पाहिलं. मागे नुसता रिकामा पूल.

"मंग दुसरा कुठंय?"

भीती म्हणा, पोळ्यापासूनचा राग म्हणा... तोंडून निघून गेलं, "दुसरा न्हाई. मी एकटाच."

घोडं मानेशी फुरफुरलं.

"बराबर. दुसरा न्हाईच ठेवायचा."

एकाच काठाच्या टापा वळल्या. गावाकडे.

अंगदच्या एकदम ध्यानात आलं. मच्छिंद्र अंगणात उघड्यावर झोपतो! त्याने गादीवरून उडी टाकली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "मच्छ्याऽऽ! ऊठ!"

गाव अजून कोसभर लांब. एवढ्या लांब हाक कशी पोचणार? पण गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. गादी मांडीवर घेऊन तो कसा आला, ते त्यालाही आठवत नाही.

मच्छिंद्र अंगणाच्या फाटकाशी उभा होता. जिवंत.

"तू आताच हाक मारल्ती ना? कानाशी? म्हणून उठून इथं आल्तो. पाहून राह्यलो, तर कोणीच न्हाई."

अंगद त्याच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. "चुकलो रे. तू हायेस. दुसरा हाये."

बॅटरी लावून दोघं खाटेपाशी गेले. गोधडीला, बरोबर छातीच्या जागी, आरपार भोक. खाटेची नवार तुटलेली. खाली जमिनीत भाल्याच्या पात्याएवढं भोक.

दोघांनी मुरूम आणला, भोक ठासून बुजवलं. त्या रात्री अंगद घरी गेलाच नाही. मच्छिंद्रला सोडून जायला त्याचा जीव होईना. अंगणातच, खाटेशेजारी घोंगडी टाकून पडला.

सकाळी खाटेखालचं भोक बुजवलेलंच होतं.

दुसरं भोक अंगदच्या उशाशी होतं.